सुईवर खर्च, रेकॉर्डवर घासाघीस

महिन्याला हजार रुपये. त्यात बसलं तर घ्यायचं, नाही तर पुढच्या महिन्यावर टाकायचं. प्लेअरचा खर्च तेवढा दिवाळीच्या बोनसमधून, एकदाच. एवढं नवऱ्याशी बोलून घेतलं आणि मी गाण्यांच्या रेकॉर्ड्स जमवायला लागले. हा श्रीमंतांचा छंद आहे असं मला ज्याने त्याने ऐकवलं. ऐकवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या माळ्यावर वडिलांच्या रेकॉर्ड्स धूळ खात पडल्या होत्या आणि त्यातल्या काही पुढे माझ्याकडेच आल्या, ते असो.

पहिला प्रश्न प्लेअरचा. सूटकेसच्या आकाराचे, आकाशी नाहीतर गुलाबी रंगाचे नवे प्लेअर पाच-सहा हजारांत मिळतात. स्पीकर आतच बसवलेला, दिसायला गोड. पण त्यांच्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसते आणि तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करते ती डबी) असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. चांगल्या टर्नटेबलच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड ते तीन ग्रॅम पुरतात. आकडे छोटे वाटतात, पण सुईचं टोक इतकं बारीक असतं की तो सगळा भार, गाणं जिच्यात कोरलेलं असतं त्या खाचेच्या भिंतींवर एका बिंदूत येतो. महिन्याला हजार रुपयांच्या रेकॉर्ड्स घेऊन त्या दर रविवारी थोड्या थोड्या तासून टाकायच्या, हा व्यवहार मला पटेना.

दुसरी वाट एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टाची किंवा कॅलिप्सोची. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत एके काळी हेच असायचे. ज्यांच्या घरी होते त्यांना ते बघून गहिवरून येतं, आणि विकणारा त्या गहिवराचेही पैसे लावतो. शिवाय त्यांच्या सुया जड, आणि आतलं रबरी चाक इतक्या वर्षांत कडक झालेलं. शोभेला छान. मला ऐकायचं होतं.

तिसरी वाट म्हणजे साधं, पट्ट्यावर फिरणारं टर्नटेबल. नव्याची किंमत 15 हजारांच्या पुढे, म्हणजे बोनस आडवा. मग सेकंडहँडच्या जाहिराती रोज चाळायची सवय लावून घेतली. कोथरूडमधलं एक जोडपं परदेशी चाललं होतं, त्यांच्याकडून साडेसहा हजारांत एक मिळालं. मॅग्नेटिक कार्ट्रिज, झाकण शाबूत, सुई किती वाजलेली ते त्यांनाही ठाऊक नाही. जुन्या प्लेअरबरोबर आलेली सुई मी वापरतच नाही. हिऱ्याचं टोक झिजलं की त्याला धार येते आणि ते खाच कापत जातं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नवी सुई 1,800 रुपयांना बसली. माझ्या संग्रहातल्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा ती बराच काळ महाग होती आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पट्टा सैल झाला होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी रेकॉर्ड ठेवायची फिरती ताटली उचलली, पट्टा बोटांवर ताणून बघितला आणि म्हणाले, "ताई, पट्टा बदला, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. मोटारीला हात लावू नका, ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल." पट्ट्याचे साडेतीनशे घेतले, सल्ल्याचे काही नाही.

स्पीकर घरात होते, पण टर्नटेबल थेट त्यांना जोडून चालत नाही. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाकडचे स्वर दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा रुंद होतात आणि बाजूवर कमी संगीत मावतं. किती दाबायचं नि किती वाढवायचं याचं एक प्रमाण 1954 साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवून दिलं आणि हळूहळू जगभर तेच रूढ झालं. मध्ये जोडायचा फोनो प्रीअँप नावाचा डबा सिग्नल वाढवतो आणि हे गणित उलटं सोडवतो. तो नसेल तर गाणं बारीक, कर्कश ऐकू येतं. साध्या प्रीअँपला दीड हजार गेले आणि बोनसचा हिशेब तिथे मिटला.

आणखी एक गोष्ट फुकटात होते. ताटली ठीक वेगाने फिरते का, हे तपासायची कागदी चकती छापून घेता येते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. मोठ्या रेकॉर्डच्या, म्हणजे एलपीच्या, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी चकतीवर 180 रेघा हव्यात. वेग बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. मात्र हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांत ही लुकलुक जवळजवळ नसतेच. आमच्या स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूबलाइट शिल्लक होती, म्हणून टर्नटेबलची पहिली परीक्षा ओट्यावर झाली. सासूबाई कुकरची शिट्टी मोजत बाजूला उभ्या. "हे पण लागतं का?" एवढंच म्हणाल्या.

मग जुना बाजार. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी माझं ऑफिस, म्हणून रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. पाने, पंप, कुलुपं, पितळी दिवे, नाणी यांच्यामधून वाट काढत जायचं आणि जिथे जुने रेडिओ किंवा कॅमेरे दिसतील तिथे खाली वाकायचं. रेकॉर्ड्स बहुतेक आडव्या रचलेल्या असतात, वर कुणीतरी इस्त्री ठेवलेली.

"मामा, कशी दिली?"

"अँटिक आहे ताई. तीनशे."

"ओरखडे आहेत की."

"ओरखडे नाहीत, त्याची डिझाइनच तशी आहे."

ही डिझाइन तपासायची एक रीत मी बसवून घेतली. कव्हरवर भुलायचं नाही; आधी आत तीच रेकॉर्ड आहे का ते बघायचं, कारण लता मंगेशकरांच्या कव्हरात इंग्रजी शिकवणारी रेकॉर्ड निघू शकते. मग ती उन्हात तिरकी धरायची. केसासारख्या बारीक रेघा चालतात. नखाला लागणारा ओरखडा चालत नाही, तिथे सुई उडी मारते किंवा एकाच ओळीवर अडकते. मधल्या भोकाभोवती लेबलवर राखाडी रेघांचं जाळं असेल तर ती खूप वाजलेली, कारण अंधारात भोक चाचपडत ठेवल्याच्या त्या खुणा असतात. रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून वाकडी झालीय का बघायचं. उन्हाळ्यात फुटपाथवर पडलेला माल हमखास वाकतो. शेवटी खाचांचा रंग. काळ्याभोर चकाकीऐवजी करडी झाक असेल तर जड सुईने खाच खाल्लेली आहे. कितीही धुतली तरी वरच्या सुरांना चरचर येणारच.

काय घ्यायचं हे बजेटनेच ठरवलं. सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटांची रेकॉर्ड, त्यातही राहुल देव बर्मन, की भाव हजारापासून सुरू. जगभरातले डीजे आणि संग्राहक त्याच्यामागे आहेत. जुन्या बाजारातला मामासुद्धा आता ते नाव बघितलं की रेकॉर्ड बाजूला काढून ठेवतो. इंग्रजी रॉकचं तेच. त्या शर्यतीत हजार रुपये घेऊन उतरण्यात अर्थ नव्हता. ('शोले'च्या संवादांची रेकॉर्ड मात्र प्रत्येक ढिगात भेटते. एकदा घेतली की पुरे.)

ज्याच्यासाठी कुणी भांडत नाही असं काय आहे? मराठी ईपी. सात इंची, 45 फेऱ्यांची, दोन्ही बाजूंना मिळून साधारण चार गाणी. भावगीतं, नाट्यपदं, लावण्या, पोवाडे, भक्तिगीतं. परदेशी संग्राहकाला त्यात रस नाही, आणि आपल्याकडच्या लोकांना वाटतं की हे सगळं फोनवर आहेच. पन्नास रुपयांपासून मिळतात, चार-पाच एकदम घेतल्या तर त्याहून कमीत. पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडे माणिक वर्मा आल्या, सुमन कल्याणपूर आल्या, अरुण दाते, शाहीर साबळे, सुलोचना चव्हाण आले, आणि त्या सगळ्यांचा मिळून खर्च एका नव्या छापलेल्या एलपीएवढा झाला नाही.

ईपीची मागची बाजू मला पुढच्या बाजूपेक्षा जास्त आवडते. तिथे गीतकार, संगीतकार, गायक नीट छापलेले असतात. फोनवर गाणं लागतं तेव्हा गायकाचं नाव येतं आणि बाकीचे दोघे बेपत्ता. मंगेश पाडगावकर आणि यशवंत देव ही नावं अरुण दात्यांच्या नावाखाली इतक्या वेळा वाचली, की आता एखादं अनोळखी भावगीत लागलं तर चाल ऐकून देवांचं की श्रीनिवास खळ्यांचं असा अंदाज बांधते. अंदाज चुकतो बऱ्याचदा, पण खळ्यांची चाल गायला अवघड असते एवढं कळायला लागलंय.

काही ईपींचा मधला भाग काढून टाकलेला असतो आणि रुपयापेक्षा मोठं भोक पडलेलं असतं. असा माल ज्यूकबॉक्समध्ये किंवा एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या चेंजरवर वाजलेला असू शकतो. प्लॅस्टिकची चकती बसवली की वाजतो, पण मी दहा-वीस रुपये कमी करून घेते.

78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचा मोह फार होतो. बालगंधर्वांचं नाव दिसलं की हात थरथरतोच. पण त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा साधारण तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकवते. वेगळी सुई, 78चा वेग असलेलं टर्नटेबल, आणि वर सांभाळायची जोखीम. त्या लाखेच्या असतात. लाख आपल्याच जंगलांतून जगभर जायची. तिच्यात दगडाची पूड वगैरे मिसळून तबकडी छापत. पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात ख्याल कसा मावला असेल ते गाणाऱ्यालाच ठाऊक. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानने गाऊन झाल्यावर स्वतःचं नाव सांगितलं, ती पद्धत त्या काळच्या कितीतरी तबकड्यांवर ऐकू येते. हे सगळं मी दुसऱ्यांच्या यंत्रावर ऐकते. मुंबईत 1990पासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था आहे. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी त्या तबकड्यांची माहिती वर्षानुवर्षं जमवून छापली, ती वाचली की आपण ईपीवाल्याच बऱ्या असं वाटतं.

घरी आणल्यावर पहिलं काम आंघोळ. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कव्हराच्या आत बुरशी धरते. रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसतात ते ओरखडे नसतात, धुतल्यावर जातात. ढिगातला असा बुरसटलेला माल लोक टाळतात, म्हणून तो स्वस्त, म्हणून तो माझा. डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं मिळतं ते), त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी एक थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबल भिजू द्यायचं नाही. मी डब्याची दोन झाकणं दोन्ही बाजूंनी दाबून धरते. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून ताटाळ्यात उभ्या ठेवून वाळवायच्या. स्पिरिटने पुसायचा सल्ला बरेच जण देतात. प्लॅस्टिकच्या रेकॉर्डवर ते पाण्यात थोडंसं मिसळून चालतं, पण लाखेच्या तबकडीला लावलं तर लाखच विरघळते. म्हणून घरात स्पिरिटची बाटली मी ठेवलीच नाही.

"आमच्या ताटाळ्यात आता ताटं सोडून सगळं असतं," असं सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात. धुतलेल्या सुमन कल्याणपूर वाळल्या का, हे मात्र त्याच आधी बघतात.

जुनं आतलं कागदी पाकीट बुरशीचं असेल तर फेकायचं. नवी पाकिटं शंभराच्या गठ्ठ्यात घेतली की स्वस्त पडतात. रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. माझ्याकडे त्यासाठी आंब्याच्या पेट्या आहेत. एलपी त्यात बसत नाही पण ईपी आरामात बसते. कपाटाची गरज अजून पडलेली नाही.

मुंबईला गेले होते तेव्हा चोरबाजारातली मटन स्ट्रीटही बघून आले. माल बघून डोळे फिरतात, भाव ऐकून जमिनीवर येतात. तिथला दुकानदार फोन काढून परदेशातला भाव दाखवतो. परदेशातून मागवायचं म्हटलं तर टपालखर्च आणि कस्टम मिळून रेकॉर्डपेक्षा जास्त होतात, म्हणून तो भाव इथे लावणं मला पटत नाही. त्यालाही माझं म्हणणं पटलं नाही. "चाचा, धुवायला लागेल ही" वगैरे पुण्यातली शस्त्रं तिथे चालत नाहीत. एक सोडून काही घेतलं नाही. ती एक म्हणजे किशोरी आमोणकरांची एलपी, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. नऊशे रुपये. त्या महिन्यात दुसरं काही नाही. भूपाची बाजू संपली की सुई उचलायला जायचं आणि दोन मिनिटं तशीच उभी राहायचं, असं झालं होतं.

विनायलचा, म्हणजे या प्लॅस्टिकच्या रेकॉर्ड्सचा, आवाज "ऊबदार" असतो वगैरे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण सहमतही नाही. आपल्याकडच्या छपाईचा दर्जा एकसारखा नाही. एचएमव्हीच्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून निघालेली एक ईपी सुरेख वाजते, त्याच सुमाराची दुसरी पहिल्या दिवसापासून सरसर करत असणार असं वाटतं. तेच गाणं फोनवर जास्त स्वच्छ ऐकू येतं, आणि ते मान्य करायला मला काही वाटत नाही. फरक इतकाच, की ईपीला दर सहा-सात मिनिटांनी उठावं लागतं, त्यामुळे मी ती लावून दुसरं काम करत नाही. आणि नको असलेलं तिसरं गाणंही ऐकावं लागतं. माझी आवडती बरीचशी गाणी ही अशी नको असलेली तिसरी गाणी आहेत.

बाजारापेक्षा चांगला माल घरांतून मिळतो. पेठांतले वाडे पाडून इमारती होताहेत, लोकांना पेट्या रिकाम्या करायच्या असतात. रद्दीवाल्याला सांगून ठेवलं होतं; त्याच्यामार्फत नारायण पेठेतल्या एका आजोबांकडे गेले. मोठी पेटी, सगळ्या ईपी, कव्हरांवर निळ्या शाईत खरेदीची तारीख. भाव विचारला तर म्हणाले, पैसे नकोत, याची गाणी मला पेनड्राइव्हवर घालून दे. आता वाजवायला काही राहिलं नाही माझ्याकडे.

सौदा माझ्या बजेटला मानवणारा होता. टर्नटेबल लॅपटॉपला जोडलं, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर एकेक बाजू उतरवली, गाणी वेगळी केली, नावं मागच्या बाजूवरून टंकून घातली. संध्याकाळी एक-दोनच ईपी व्हायच्या, कारण गाणं जितका वेळ तितकाच वेळ उतरवायला. पेनड्राइव्ह नेऊन दिला आणि दोन दिवसांत फोन आला.

"अगं, तुझं मशीन पळतंय."

मी सांगितलं, आजोबा, रेघा मोजून तपासलंय, बरोबर आहे. ते ऐकेनात. म्हणाले, मी तरुणपणी या गाण्यांबरोबर पेटी वाजवायचो. पांढरी दोनमध्ये वाजवायचो. तुझं गाणं काळी दोनमध्ये चाललंय.

मी हिशेब केला. पांढरी दोनपेक्षा काळी दोन अर्धा स्वर वर, आणि अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण सहा टक्क्यांचा फरक. त्यांच्या घरचा फोनो 45च्या जागी साडेबेचाळीसच्या आसपास फिरत असणार, आणि ते वर्षानुवर्षं त्याला धरून पेटी वाजवत आले. हे मी जमेल तितक्या नम्रपणे सांगितलं.

"असेल," ते म्हणाले. "पण बाईंचा आवाज असा नव्हता."

ऑडॅसिटीत वेग कमी करायची सोय आहे. सगळी गाणी निवडून सहा टक्क्यांनी खाली आणली आणि दुसरा पेनड्राइव्ह भरला. पहिला त्यांनी परत दिला नाही. नातवाला तोच आवडतो म्हणे. दोन पेनड्राइव्हचे मिळून आठशे झाले. त्या महिन्याच्या वहीत ते मी रेकॉर्ड्सच्या रकान्यातच लिहिले.